ते वाक्य मी छापणार नाही, ताई

अन्याय झाला तो सुजाता मेश्राम यांच्यावर. कधी झाला तेही सांगते: परवाच्या रविवारी, करोल बागेतल्या हॉलमध्ये, त्यांच्याच शोकसभेत, वंदना संपून चहाचे कागदी कप फिरायला लागले त्या क्षणी.

पत्रक असं सुरू करायचं हे तुमचंच शिकवणं, ताई. कुणावर आणि कधी, ते आधी सांग; संताप नंतर कर, तो कुठे पळून जात नाही. हे पत्रक नाही. तरी तसंच सुरू केलं, कारण दुसरं काही मला येत नाही.

तर त्या क्षणी तुमच्या ऑफिसातले मोठे साहेब उठले. तुमच्या फोटोकडे हात करून म्हणाले, “मेश्राम मैडम ने ज़िंदगी में कभी सिगरेट को हाथ नहीं लगाया. और देखिए, किसको क्या हो गया.” सगळा हॉल हळहळला. माझ्या मागच्या बाईंनी शेजारणीला तेच मराठीत करून सांगितलं, “कधीच नाही हो ओढली बिचारीने. आणि फुफ्फुसाचाच झाला.” शेजारीण म्हणाली, “अगंबाई.”

यात अन्याय कसला, चांगलंच तर बोलले, असं वाचणाऱ्यांना वाटेल. त्यांनी जरा दम धरावा.

तुम्ही असता तर पहिल्या रांगेतून चष्मा नाकाच्या टोकावर आणून म्हणाला असतात, “म्हणजे ज्यांनी हात लावला त्यांना झालं तर चालतं का, सर?” मी पहिल्या रांगेकडे बघितलंसुद्धा. तुम्ही नेहमी बसायचात त्या कडेच्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स ठेवलेली होती.

आपली पहिली भेटही भांडणाचीच. करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानावरची आमच्या तंबाखूविरोधी गटाची खोली. खाली दिवसभर हॉर्न वाजवून तपासायचे, वर आम्ही घोषणा लिहायचो. तुम्ही नुकत्याच रिटायर झाला होतात. जिना चढून आलात, एक हात कठड्यावर, दुसऱ्यात माझं पत्रक. त्याच्यावर पेन्सिलीने खुणाच खुणा.

“हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“किती वर्षांची आहेस?”

“चोवीस.”

“तरीच.”

पत्रकाचं शीर्षक होतं, ‘धूम्रपान म्हणजे आत्महत्या’. लाल अक्षरं, खाली कवटी. मला त्या कवटीचा फार अभिमान होता. तुम्ही तिच्यावर पेन्सिल टेकवून म्हणालात, “आत्महत्या म्हटलंस की विषय संपला, पोट्टे. मेलेल्या माणसाशी कोण बोलत बसतं?”

मी बसलेय, ताई. आज सकाळपासून.

त्या दिवसापासून माझा एकही कागद तुमच्या पेन्सिलीशिवाय छापखान्यात गेला नाही. ते काम आपण मेट्रोत करायचो. तुम्ही नोएडाला राहणाऱ्या, मीही. ब्लू लाइनवर बसलं की घर येईपर्यंत वेळच वेळ. मी वाचायची, तुम्ही खोडायचात. यमुना आली की पेन्सिल थांबायची. पुलावरून खालच्या काळ्या पाण्याकडे बघत तुम्ही रोज एकच म्हणायचात, “नदी म्हणे.” आणि परत खोडायला लागायचात. आता पूल आला की मी मोबाइलमध्ये डोकं घालते. खाली बघत नाही.

तुमचा मुख्य आक्षेप हा, की मी सगळ्यांना एकच कागद वाटते. “सगळ्या गावाला एकाच मापाची चप्पल वाटतेस,” म्हणायचात. “आणि ज्याला चावते, त्यालाच वर दम देतेस.” मला राग यायचा. तंबाखू एकच, कॅन्सर एकच, मग कागद चार कशाला? मग तुम्ही मला चार ठिकाणी फिरवून आणलंत.

नोएडातली ती शाळा. आठवीचा वर्ग. मी पडद्यावर काळं पडलेलं फुफ्फुस दाखवलं. मागच्या बाकावरून आवाज आला, “ओए, मस्त!” आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मैम, मेरे पापा पीते हैं. वो कब मरेंगे?”

मरतील का, असं नव्हतं विचारलं तिने. कधी, असं विचारलं होतं.

मी घाईघाईने पुढची स्लाइड लावली. तुम्ही तिच्या बाकावर जाऊन बसलात, ते दुखरे गुडघे त्या इवल्याशा फटीत घालून. म्हणालात, “पापा को बोलना, शाम को मेरे साथ नीचे घूमने चलो. बस. सिगरेट का नाम मत लेना. तेरा काम घूमना है, छुड़वाना हमारा काम है.” ती मान हलवून बसली. तिथून आपण मेट्रोने करोल बागेला खोलीवर निघालो. पूल गेल्यावर म्हणालात, “लेकराच्या डोक्यावर बापाचं मरण ठेवायचं नाही. ते ओझं मोठ्यांचं.” मी म्हटलं, धक्का बसल्याशिवाय कुणी सोडत नाही. तुम्ही म्हणालात, “धक्का तिला बसला. सोडायची कुणाला आहे?”

पुढच्या वेळी फुफ्फुस घरीच राहिलं. मुलांना दोन-दोनच्या जोड्यांत उभं केलंत. एकाने सिगारेट पुढे करायची, दुसऱ्याने नाही म्हणायचं, आणि दोस्ती तुटता कामा नये. काय एकेक बहाणे निघाले! सगळ्यात जास्त टाळ्या “यार, मम्मी सूंघ लेती है” याला. तुम्ही इतक्या हसलात की खोकल्याची उबळ आली. नोएडातला हिवाळा, सगळेच खोकत होते. आम्ही पाणी दिलं आणि पुढचा बहाणा ऐकला.

मग मेट्रो स्टेशनबाहेरचे ऑटोवाले. मी माइक घेऊन गेले होते. तुम्ही तो बंद करायला लावलात आणि पर्समधून फुटाण्यांचा पुडा काढलात. भाषण नाही, काही नाही. “पहली कब लगती है?” एवढंच विचारत फिरलात. कुणी म्हणे चहाबरोबर, कुणी म्हणे सवारी मिळत नाही तेव्हा. एक दाढीवाले चाचा म्हणाले, “मैडम, दिल्ली में साँस लेना ही सिगरेट है. हम तो ऊपर से ज़रा टॉपिंग डाल रहे हैं.” सगळा स्टँड हसला. तुम्हीही. मग त्यांच्या तळहातावर फुटाणे ठेवत म्हणालात, “तो चाचा, टॉपिंग ही बदल लो.” ते चाचा नंतर भेटले की दुरूनच हात पुढे करायचे. सोडली का त्यांनी? नाही. कमी केली म्हणायचे. मी वैतागायची, तुम्ही फुटाणे द्यायचात. “कमी केली म्हणतो ना? खोटं बोलत असला तरी लाजून बोलतो. लाज ही पहिली पायरी असू दे, शेवटची नको.”

आणि संक्रांतीचं हळदीकुंकू! मीच अक्कल चालवली होती, की वाण म्हणून बायकांना पत्रकं द्यायची. “मी बौद्ध, मला तुमच्या वाणातलं काय कळतं,” असं म्हणत तुम्ही आलात आणि सगळ्यात जास्त गप्पा तुम्हीच मारल्यात. बायकांनी पत्रकं घेतली, अगदी कौतुकाने घेतली, आणि त्यांतच तिळगूळ बांधून पर्समध्ये टाकला. माझ्या कवटीला तीळ चिकटले. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, “बघ, पहिल्यांदाच गोड दिसते आहे.” मी ऐन सणाच्या दिवशी तोंड फुगवून बसले. तोवर तुम्ही एका काकूंच्या शेजारी जाऊन बसला होतात. त्या म्हणत होत्या, आमच्याकडे कुणी असलं काही घेत नाही बाई, मी फक्त मिशरी लावते, दात स्वच्छ राहतात. बाकीच्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत. “कधीपासून लावता हो?” इतक्या साध्या आवाजात विचारलंत, की त्या काकू खरं बोलल्या.

असा आवाज मला कधी यायचा, ताई? मी आजही कुणाला काही विचारलं की समोरचा आरोपीसारखा उभा राहतो.

चौथं ठिकाण मात्र मी फक्त ऐकूनच पाहिलं. तुमचं स्वतःचं ऑफिस.

तिथली व्यवस्था तुम्ही मला मेट्रोत सांगितली होती, एखाद्या शेजारणीची गंमत सांगावी तशी. ऑफिसच्या मागे कडुनिंबाचं झाड. आत ओढायला बंदी आली तेव्हापासून साहेब लोक तिथे जाऊन ओढतात. बंदीची पाटी भिंतीवर, माणसं झाडाखाली. पण सिगारेटबरोबर ऑफिसही खाली उतरलं. कुणाची बदली कुठे, कोणती फाइल आधी, कुणाचं नाव पुढे करायचं, हे सगळं ‘नीम के नीचे’ ठरायचं. वर मीटिंगमध्ये फक्त वाचून दाखवायचे. कुणी विचारलं, “मेरे केस का क्या हुआ?” तर उत्तर असायचं, “अभी नीम के नीचे नहीं आया.”

जो ओढत नाही, तो वरच बसून राहणार. आणि बायका तर वरच.

तुम्ही खाली गेलात. कपभर चहा हातात घेऊन, त्या गोल घोळक्यात जाऊन उभ्या राहिलात. पहिल्या दिवशी सगळे गप्प झाले म्हणे. मग कुणीतरी म्हणालं, “मैडम, आप भी लेंगी?” तुम्ही म्हणालात, “नहीं सर, मैं सिर्फ़ चाय. आप चालू रखिए.” आणि त्यांनी चालू ठेवलं. सगळ्याच अर्थाने. नोकरीची कितीतरी वर्षं तुम्ही अशा उभ्या राहिलात, दिवसातून दोनदा, कधी तीनदा. हिवाळ्यात ते लोक उन्हासाठी आणखी जवळजवळ उभे राहायचे.

ऑफिसातलं पाळणाघर तिथेच मंजूर झालं. बायकांनी दिलेले अर्ज वर धूळ खात होते, तुम्ही एका सकाळी झाडाखाली साहेबांना म्हणालात, “सर, बच्चे गोद में लेकर नोटिंग लिखें क्या?” साहेब हसले, दोन झुरक्यांमध्ये हो म्हणाले. वर आल्यावर सही झाली. ते पाळणाघर आजही आहे. कितीतरी लेकरं तिथे झोपून मोठी झाली.

“म्हणजे तुम्ही त्यांच्या धुरात उभ्या राहिलात?” मी मेट्रोत जवळजवळ ओरडले होते. समोरच्या माणसाने कानातली वायर काढली.

“कडुनिंबाखाली उभी होते,” तुम्ही म्हणालात. “म्हटलं, हवा शुद्ध असेल.”

मला हसू आलं नाही. तुम्हालाही फार आलं नाही. तुम्ही पेन्सिल पर्समध्ये टाकलीत. “उभी राहिले नसते तर पाळणाघर झालं नसतं, आणि उभी राहिले तर हे. आता यातलं कोणतं खोडू, सांग.” ‘हे’ म्हणताना छातीवर हात ठेवला होतात. रिपोर्ट येऊन आठवडाच झाला होता आणि मला ते त्या ‘हे’वरून कळलं.

डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही. नक्की सांगता येत नाही म्हणाले. मला मात्र कारण हवं होतं. पत्रकाला एकच गुन्हेगार लागतो. तुम्ही मलाच समजावलंत: लहानपणी भंडाऱ्याकडे चुलीपाशी बसले, मग दिल्लीची हवा घेतली, मग ते झाड. “खटला उभा करू नकोस, पोट्टे. आरोपी फार आहेत.” मी म्हटलं, झाड तरी आपण हलवू. तुम्ही म्हणालात, “झाडाने काय केलं? माणसं हलव.”

आणि मग हॉस्पिटलमधली ती सकाळ. जनरल वॉर्ड, गर्दीमुळे बायका-पुरुष एकत्रच, खाटेला खाट. एक तरुण डॉक्टर फाइल घेऊन आला. “स्मोकिंग हिस्ट्री?”

तुमच्या आधी मीच उत्तर दिलं. “नेव्हर!” चांगलं खणखणीत. माझ्या आवाजात काय होतं ते मला तेव्हाही माहीत होतं: बघा, आमचं माणूस तसलं नाही. डॉक्टरच्या चेहऱ्यावर लगेच कणव आली. “ओह,” म्हणाला तो. “सो सॅड.” तुमच्यापाशी जरा जास्त वेळ थांबला. मग बाजूच्या खाटेकडे वळला. तिथे एक खंगलेले गृहस्थ होते, बुलंदशहरकडचे. “आप तो पीते थे न?” ते हो म्हणाले. “तो फिर,” डॉक्टर म्हणाला आणि लिहायला लागला. त्या गृहस्थांच्या बायकोने ओढणी पुढे ओढली आणि खाली बघत राहिली.

तो गेल्यावर तुम्ही माझा हात धरलात, चांगला घट्ट. “एवढ्या जोरात काहून सांगितलंस?”

“खरं तेच सांगितलं.”

“शेजारी माणूस होता ना व.”

मग तुम्ही उशीखालून फुटाण्यांचा पुडा काढून त्या बाईंना दिलात. डॉक्टरांनी तुम्हाला कडक काही खायला मनाई केली होती. पुडा कुणी आणून दिला, ते मला आजही माहीत नाही. त्या बाईंनी पुडा घेतला आणि दिवसभर मांडीवर ठेवून बसल्या, उघडला नाही.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या बाबांचं सांगितलंत. तोवर मला फक्त आई माहीत होती. माझ्या एका पत्रकात ‘बिडी वळणारे हात मरण वळतात’ अशी ओळ होती. ती तुम्ही खोडली होतीत आणि समासात लिहिलं होतंत, ‘हे हात माझ्या आईचे आहेत. यांनी मला शाळेत पाठवलं.’ आई दारात बसून तेंदूची पानं कापायची, बिड्या वळायची. बाबा ओढायचे. बाबांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात. डॉक्टरने विचारलं, “बिडी ओढायचे ना?” तुम्ही हो म्हणालात. डॉक्टर म्हणाला, “मग?”

“त्या ‘मग’नंतर कुणी काही विचारलंच नाही,” तुम्ही म्हणालात. “दुखतं कुठे, झोप लागते का, घरी कोण आहे. काही नाही. माझा बाप त्या ‘मग’मध्येच गेला.”

खिडकीबाहेर कुणाच्या तरी लग्नाची वरात थांबली होती, बँड जोरात वाजत होता. तुम्ही तो संपेपर्यंत थांबलात. मग म्हणालात, “मी गेल्यावर लिहिशीलच तू. राहवणार नाही तुला. लिही. पण ते वाक्य नको.”

“कोणतं?”

“‘कधीच ओढली नाही’वालं.”

“ताई, पण खरं आहे ते!”

“म्हणून तर. खोटं असतं तर इतकं कामाचं झालं नसतं. मला निर्दोष म्हटलंस की बाजूचा आपोआप गुन्हेगार होतो. माझा बाप होतो.”

“लोकांच्या आत त्यानेच हलतं काहीतरी. एक वाक्य, ताई. त्याने शंभर जण सोडतील.”

“आणि जे सोडू शकणार नाहीत ते तोंड लपवतील. दवाखान्यात उशिरा येतील. त्यांचं काय?”

“मग मी लिहू काय?” मी रडकुंडीला आले होते. रागानेच.

“मी कुठे उभी होते ते लिही.”

हे भांडण तिथेच राहिलं. त्यानंतर तुम्हाला बोलताना धाप लागायची आणि मला तुमच्याशी भांडायची लाज वाटायची. ती लाज उगाचच बाळगली. भांडायला हवं होतं. कारण अजूनही मला वाटतं, थोडी मीही बरोबर आहे. भीतीनेसुद्धा माणसं सोडतात, मी पाहिली आहेत. हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि त्यावर तुम्ही काय खोडता ते बघायचं होतं. सध्या माझे कागद कोरे करकरीत छापखान्यात जातात. एकही खूण नाही. इतके स्वच्छ कागद मला बघवत नाहीत.

आता रविवारचं उरलेलं.

सभा संपल्यावर मोठे साहेब स्वतः माझ्याकडे आले. म्हणाले, तुमच्या मॅडमची फार इच्छा होती आपल्या ऑफिसात कार्यक्रम व्हावा अशी. होती ना! किती वेळा अर्ज दिलात तुम्ही. नोकरीत असताना, नंतरही. एकदाही ‘नीम के नीचे’ आला नाही तो. आणि आता साहेब म्हणाले, “कर लीजिए बेटा. बड़ा हॉल दे देंगे. पोस्टर पर मैडम की बड़ी फोटो, नीचे बस एक लाइन.” ती ओळ कोणती, ते सांगायची गरज नव्हती.

खरं सांगू? मला मोह झाला. मोठा हॉल, सगळे अधिकारी समोर, तुमचा हसरा फोटो. माझ्या डोळ्यांसमोर पोस्टर छापूनसुद्धा झालं.

मी काही म्हणायच्या आत साहेब खिसे चाचपत खाली निघाले, मागे दोघे-तिघे. जिन्याशी थांबून त्यांनी हाक मारली, “अरे रेणू, तुम्हारी वो क्रेच वाली बात थी न? आ जाओ, नीचे ही कर लेते हैं.”

रेणूला तुम्ही ओळखता. लातूरची, तुमच्यानंतर तुमच्या टेबलावर आलेली. पाळणाघराची वेळ कमी करायची म्हणतात, त्याची फाइल साहेबांकडे आहे, आणि रेणूचं लेकरू त्या पाळणाघरात आहे. तिने कप उचलला. चहा, ताई. फक्त चहा. आणि खाली गेली.

मी मागोमाग गेले. हॉलच्या मागच्या गल्लीत गोल करून उभे होते सगळे. रेणूने ओढणी नाकाशी धरली होती, पण जरा खालीच, कुणाला राग येऊ नये इतपत. मी म्हटलं, “सर, ऊपर कुर्सियाँ ख़ाली हैं. वहाँ बात कर लीजिए न.” साहेब वाईट माणूस नाहीत. हसून म्हणाले, “अरे बेटा, दो मिनट का काम है.” मी आणखी काही बोलणार होते, रेणूने मला डोळ्यांनीच दटावलं. तिला ती सही हवी होती. तुम्हालाही हवीच होती.

माझ्या पर्समध्ये तुमच्या सवयीने ठेवलेला पुडा होता. मी साहेबांपुढे धरला. त्यांनी मूठभर फुटाणे घेतले, थँक यू म्हणाले, कोटाच्या खिशात टाकले, आणि दुसऱ्या हाताने सिगारेट पेटवली.

हाच तो अन्याय, ताई. वर ज्या तोंडाने तुम्हाला निर्दोष ठरवलं, त्याच तोंडाने खाली रेणूला बोलावलं. आणि कुणालाच, अगदी रेणूलाही, त्यात काही विचित्र वाटलं नाही.

घरी येऊन मी साहेबांना कळवलं: कार्यक्रम करू, पण ती ओळ नाही. हॉलही नको. पोस्टर त्या झाडाला लावू, आणि त्यावर लिहू, ‘सुजाता मेश्राम इथे उभ्या राहायच्या. त्यांना त्यांचं काम करून घ्यायचं होतं.’ त्यांचं उत्तर आलं, “ये कुछ जमता नहीं बेटा, नेगेटिव लग रहा है. सोच के बताओ.”

मी सांगितलं, विचार केलेला आहे.

म्हणजे तुमचा शब्द पाळला आणि तुमचा कार्यक्रम घालवला. बरोबर केलं का? मेट्रोत तुमच्या बाजूला मान वळवून विचारायची इतकी सवय लागली आहे, की काल शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंकडे बघून मी “काय?” म्हणाले. त्या म्हणाल्या, “जी?” मी म्हटलं, “कुछ नहीं, आंटी.” तेवढ्यात पूल आला. “नदी म्हणे,” मी मनातल्या मनात म्हटलं. तुमच्यासारखं जमलं नाही.

हॉल गेला, पण हे पान माझ्याकडे आहे. इथल्या मराठी मंडळाचा हा अंक दिल्ली-नोएडातल्या मराठी घरांत जातो, आणि यातली निम्मी घरं सरकारी नोकरीतली आहेत. तेव्हा आता ताईंशी नाही, तुमच्याशी बोलते, हे हातात धरून बसलेल्या तुमच्याशी.

तुम्ही ओढत असाल तर मी तुम्हाला कवटी दाखवणार नाही; ती खोडली गेली आहे. सोडायची असेल तर आमच्या खोलीवर या, फुटाणे आहेत, आणि आजारी पडलात तर ‘मग?’ असं तुम्हाला आमच्यापैकी कुणी विचारणार नाही. ते तुमच्या सवडीने. पण एक गोष्ट सवडीने नाही, उद्याच करा. उद्या तुम्ही खाली जायला उठाल, तेव्हा तुमच्या सहीसाठी कोण ताटकळलंय ते बघा. कुणीतरी असेलच, हातात चहाचा कप घेऊन तुमच्या मागे निघालेलं. परत बसा. त्या माणसाला समोर खुर्ची द्या, फाइल उघडा, हो किंवा नाही काय ते तिथेच सांगा. मग खाली जा, आणि एकटे जा.